आईची खिडकी आणि कृष्णपुऱ्याची छत्री

माणसाने आयुष्यात एकदा तरी आपल्या पहिल्या घराच्या उंबरठ्यावर परत जाऊन उभे राहावे. आपण कोण आहोत हे त्याला तिथेच कळते. हे वाक्य माझी नलूआत्या फोनवर अशा आवाजात म्हणाली, की समोर सभा असल्यासारखे वाटले. आम्ही गेलो. आम्ही कोण आहोत हे काही कळले नाही. उंबरठाही सापडला नाही. पोहे मात्र उत्तम होते.

जाण्याचे कारण आधी सांगायला हवे. आमच्याकडे, म्हणजे वडिलांच्या बाजूला, आठवणींची कधी टंचाई नसते. पणजोबा इंदूर संस्थानात नोकरीला होते, एवढे सर्वांना मान्य आहे. पुढचे सांगणाऱ्यावर अवलंबून. काकांच्या सांगण्यात ते कारभारी असतात. आत्याच्या सांगण्यात महाराज त्यांना विचारल्याशिवाय शिकारीला जात नसत. यातल्या कशाचाही पुरावा आजवर कोणी मागितलेला नाही. आणि माझ्या आईचा एकच, लहानसा दावा होता. साताऱ्याकडून लग्न होऊन ती स्नेहलतागंजातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत आली, तेव्हा तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कृष्णपुऱ्याच्या छत्रीचे शिखर दिसायचे. छत्री म्हणजे पावसातली नव्हे. राजघराण्यातल्या माणसांच्या स्मरणार्थ नदीकाठी बांधलेल्या दगडी इमारतींना तिकडे छत्र्या म्हणतात. लांबून पाहिले तर देवळेच वाटतात. हा दावा पन्नास वर्षे चौकशीत अडकला होता. इतक्या लांबून कसे दिसेल? मध्ये झाडे नव्हती का? आणि आम्हाला कोणालाच कसे दिसले नाही?

गेल्या हिवाळ्यात पुण्यात एका लग्नाच्या पंगतीत आत्याने निकालच देऊन टाकला. "वहिनी गोष्टी छान रचतात. खिडकी होती, मी नाही म्हणत नाही. पण त्या खिडकीतून घरमालकाचा संडास दिसायचा." पंगत हसली. आईही हसली. घरी आल्यावर तिने लग्नातली साडी उतरवली, नीट घडी घातली आणि मला म्हणाली, "माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की मला इंदूरला ने. आणि वन्संना सांग, बरोबर यायचं."

आई ऐंशीच्या घरातली. ती सहसा काही मागत नाही, त्यामुळे मागितले की घाबरायला होते.

आत्याच्या घरी

इंदूरला कोणी चहा घेणार का असे विचारत नाही. पुण्यात हा प्रश्न विचारला जातो, आणि नको म्हटल्यावर दोन्ही पक्षांना हायसे वाटते. इंदुरात पाहुणा जोडे काढत असताना त्याच्या हातात बशी आलेली असते. आत्याने आम्हाला पोहे दिले. वाफेवरचे मऊ पिवळे पोहे, बडीशेप घातलेले, वर शेव, वर जिरावण नावाचा मसाला, बाजूला जिलेबी, आणि जिलेबीवर चुकून सांडलेली थोडी शेव. शेव तिथे पदार्थ म्हणून धरत नाहीत. ती मिठासारखी असते, सगळ्यात पडायचीच.

"अगं, आणखी घे ना. वजन-बिजन तिकडे पुण्याला बघ. इथे सगळं पचून जातं," आत्या म्हणाली. आत्या पंच्याहत्तरी ओलांडलेली, निवृत्त शिक्षिका, जन्मापासून इंदुरात. तिचे मराठी व्याकरणाने शुद्ध आणि शब्दांनी स्वतंत्र आहे. "आणि वहिनी, तुम्ही तर काहीच घेऊन नाही राहिल्या. परेशान आहात का?"

"नाही हो वन्सं," आई म्हणाली. "मी सगळं घेणार आहे. वेळ आली की."

आत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी जिलेबीकडे पाहिले.

खाऊन झाल्यावर मी एक गुन्हा केला. जिलेबीचा तेलकट कागद जवळच्या डब्यात टाकला. तो ओल्या कचऱ्याचा होता. आत्याने तो कागद दोन बोटांनी बाहेर काढला आणि दुर्मीळ हस्तलिखित दाखवावे तसा मला दाखवला. "हे पुणे नाही, बेटा. हे इंदूर आहे." स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळाल्यापासून या शहरातल्या प्रत्येक नागरिकाला तो आपण स्वतः मिळवला असे वाटते. सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवत येते आणि लोक आरतीला निघावे तसे डबे घेऊन बाहेर येतात. मी हे उपहासाने लिहायला घेतले होते. पण परत आल्यावर आमच्या पुण्यातल्या गल्लीचे तोंड पाहिले आणि वाक्य तिथेच सोडून दिले.

लालबाग

दुसऱ्या दिवशी आत्याने आधी लालबागला जायचे ठरवले. घरात जाण्यापूर्वी घराणे बघावे, असा क्रम होता. आत्या स्वतः गाडी चालवते. म्हणजे गाडी चालते, आणि आत्या आत बसून रस्त्यावरच्या लोकांना त्यांच्या चुका सांगते.

लालबाग हा संस्थानिकांचा राजवाडा. आता तिथे संग्रहालय आहे आणि मैदानावर मेळे भरतात. त्या दिवशी एक मेळा संपून मांडव उतरत होते, त्यामुळे राजवाड्याच्या भव्य फाटकातून आम्ही आणि भुट्ट्याच्या किसाच्या रिकाम्या कढया एकदमच गेलो. आत झुंबरे होती, आरसे होते, आणि छतावर गुबगुबीत विलायती देवदूत होते. माळव्याच्या उकाड्यात इतक्या कमी कपड्यांत असलेले तेवढेच.

एका दालनात आत्या थांबली. दोरीपलीकडच्या मखमली खुर्चीकडे तिने हात केला. "इथे. इथे आपले आजोबा बसायचे. महाराजांच्या बरोब्बर उजव्या हाताला."

"मागच्या खेपेला तू मला दाखवली होतीस ती खुर्ची कोपऱ्यातल्या दालनात होती," मी म्हटले. "आणि हिरवी होती."

"मग ते दोन ठिकाणी बसत असतील. दरबारात काय एकच खुर्ची असते?"

जवळ उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने आपणहून माहिती दिली, की "मैडमजी, ये कुर्सियां तो मरम्मत के बाद इधर-उधर रखी हैं." आत्याने त्याला धन्यवाद दिले आणि त्याचे म्हणणे ऐकले नाही. आई खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत होती. सरकारी पडदा बाजूला करून, डोळ्यांवर आडवा हात धरून, ती नव्या भिंगांनी दूरचे बघण्याचा सराव करत होती.

स्नेहलतागंज

आता घर. ते सोडले तेव्हा मी शाळेत नुकतीच जायला लागले होते, त्यामुळे माझ्या आठवणीतले घर प्रचंड आहे. हिरवे दार. रेल्वे स्टेशन जवळ, म्हणून रात्रंदिवस शंटिंगचे आवाज. आम्हा मुलांना झोपवायला अंगाईची गरज पडली नाही. बाहेरच्या खोलीत बाबांची खाट, तिच्याखाली ट्रंक. रस्त्याच्या अंगाला गॅलरी, तिच्यात मी तीनचाकी सायकल चालवायची आणि वळायला भरपूर जागा असायची. आणि बाजूच्या बोळाच्या अंगाला स्वयंपाकघर. त्याचा एकच कायदा होता, आईचा: काम असेल तर आत या, नुसतं उभं राहायचं नाही. हा कायदा बाबांनाही लागू होता. ते दारापर्यंत येत, बाहेरूनच पाणी मागत, आणि पाणी त्यांच्यापर्यंत जाई.

आत्याने गाडी एका रुंद, गुळगुळीत, पांढरे पट्टे मारलेल्या रस्त्याच्या कडेला लावली. "उतरा. दो मिनिटांचं तर काम आहे."

कोपऱ्यावरचे घर मी ओळखले नाही. आईने ओळखले, कारण ती दारांकडे बघत नव्हती, वर बघत होती. खाली मोबाइलचे दुकान. वरच्या मजल्यावर मुलींचे हॉस्टेल, आणि गॅलरीवर फलक: 'घर से दूर, आपका घर'. गॅलरीत एसीचे यंत्र बसवले होते आणि त्याने ती पूर्ण भरली होती. ज्या गॅलरीत मी सायकल वळवायची, तिच्यात यंत्र दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला वळता येत नाही, हे मला नंतर कळले.

दुकानाचा आणि घराचा मालक पप्पू भिया. आमच्या घरमालकांचा नातू. पन्नाशीचा, गळ्यात साखळी, तोंडात सुपारी. त्याने आईला बघितले, आम्ही कोण ते ऐकले, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाला तसेच सोडून बाहेर आला.

"अरे! ऊपर वाले मराठी बाबूजी की आंटीजी! बिराजो, बिराजो. दादी आपका नाम लेती थी. केती थी, एक बाई थी ऊपर, रसोई में किसी को घुसने नी देती थी."

आत्या खुशीत हसली. "सुनलं वहिनी? इतक्या वर्षांत तुमची एवढीच कीर्ती."

"भैया," आईने सरळ विचारले, तिच्या त्या सातारी हिंदीत, "मेरा स्वयंपाकघर किधर है?"

पप्पू भियाचा चेहरा पडला. त्याने आईचा हात धरला, चार पावले चालवत रस्त्याच्या कडेपर्यंत नेले आणि हवेत बोट दाखवले. "यहां था."

प्रकार असा होता: बाजूचा बोळ रुंद करून त्याचा रस्ता झाला होता. रुंदीकरणात घराची ती बाजू कापली गेली. बाहेरची खोली राहिली, स्वयंपाकघर गेले. जिथे आईची चूल होती तिथे वर हवा होती, खाली रस्ता होता, आणि रस्त्यावर आत्याची गाडी उभी होती.

"मग झालंच," आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. जिंकलेल्या माणसाला दया परवडते. "जाऊ द्या वहिनी. आता खिडकीच नाही, तर काय बघणार? मी पण काही नाही म्हणणार. तुम्ही म्हणाल ते खरं."

हे आईला सर्वांत जास्त लागले. "तुम्ही म्हणाल ते खरं नकोय मला," ती म्हणाली. "खरं आहे ते खरं पाहिजे."

पप्पू भियाला मराठी अर्धवट कळत होते. भांडण पूर्ण कळले. "मामला क्या है?" त्याने विचारले, आणि मी सांगितले. ते ऐकताना त्याचे सुपारी चघळणे थांबले. इंदुरातल्या माणसाला तुम्ही पत्ता विचारलात तर तो बरोबर चालत येतो. वाद सांगितलात तर तो त्यात उतरतो. "छत्री? अपने घर से? चलो ऊपर. अब्बी देख लेते हैं."

छत्री

बाहेरच्या खोलीत आता तीन पलंग होते आणि भिंतीवर सूचना होत्या: खोलीत इस्त्री करू नये, भिंतीला टेकू नये. मुली क्लासला गेल्या होत्या. माझे बारसे याच खोलीत झाले; तेव्हा लोक भिंतीला टेकले होते. जिथे स्वयंपाकघराचे दार होते तिथे नवी भिंत बांधून सरकती खिडकी बसवली होती. म्हणजे दाराची खिडकी झाली होती, आणि मूळ खिडकी पलीकडच्या हवेत कुठेतरी होती, याच रेषेत.

आई खिडकीशी गेली. तिच्यामागे मी, आत्या, पप्पू भिया, दुकानातले गिऱ्हाईक (त्याला आपला फोन दुरुस्त होण्यापेक्षा हे महत्त्वाचे वाटले होते) आणि शेजारची एक बाई, तिला कोणी बोलावले ते समजले नाही. बाहेर रस्त्यापलीकडे एक उंच इमारत. तिच्या गच्चीवर घराएवढे फ्लेक्स. फ्लेक्सवर एका लोकप्रिय नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. नेत्याचा चेहरा एका मजल्याइतका, आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे शिक्क्यांएवढे, ओळीने.

"दिसतंय का?" आत्याने विचारले.

"माणूस दिसतोय," आई म्हणाली.

"छत्री तो भैयाजी के पीछे है," गिऱ्हाईक म्हणाले.

"पीछे कुछ नी है," शेजारची बाई म्हणाली. "टंकी है पानी की."

"कचोरी की शर्त?"

"लगी."

खोलीत दोन पक्ष पडले. पप्पू भियाने फोन काढला. "हां गोलू भिया. सुनो, वो जो तुमने सामने भैयाजी लटकाए हैं ना... नी नी, अच्छे लग रिये हैं. बस जरा दो मिनट को एक कोना खोलना है... अरे राजनीति नी है, घर का मामला है. एक आंटीजी हैं, पूना से आई हैं, पचास साल से लोग झूठा के रिये हैं इनको." पलीकडून काहीतरी आले. पप्पू भियाने फोनवर हात ठेवून आम्हाला सांगितले, "के रिया है कोना खोल देगा, पर फोटो कोई नी लेगा. फोटो निकल गई तो उसका जन्मदिन हो जाएगा."

सगळ्यांनी आपापले फोन खिशात घातले. शेजारच्या बाईने तर शपथ घेतली.

थोड्या वेळाने समोरच्या गच्चीवर दोन माणसे दिसली. आमच्या खिडकीतून पप्पू भिया ओरडला, "बायां वाला! बायां! कान की तरफ!" दोऱ्या सुटल्या. लोकप्रिय नेत्याचा डावा कान हळूच दुमडला, मग गालाचा थोडा भाग, मग हाराची कडा. मागे लोखंडी सांगाडा उघडा पडला, आणि सांगाड्याच्या एका चौकटीत, बऱ्याच लांब, घरांच्या, तारांच्या आणि डिशांच्या वर, काळसर दगडाचे एक शिखर उभे होते. अंगठ्याच्या नखाएवढे. कळसासकट.

मी संशयी स्वभावाची आहे. आईच्या बाजूने असूनही मी पाण्याच्या टाकीची तयारी ठेवली होती, सांत्वनाची वाक्येसुद्धा जुळवली होती. ती सगळी वाया गेली.

आईने बाजूला होऊन आत्याला जागा दिली.

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. बराच वेळ पाहिले. खोलीतले कचोरी हरलेले आणि जिंकलेले, सगळे तिच्याकडे बघत होते.

"मग आम्हाला कसं कधीच नाही दिसलं?" ती शेवटी म्हणाली.

"तुम्ही कधी खिडकीशी आलात?"

"तुम्ही येऊ दिलं कधी?" आत्या उसळून वळली. "कॉलेजातून दमून यायची मी, आणि दारातूनच, वन्सं, काम आहे का? नाही? मग बाहेर! उभं राहू दिलं असतं तर दिसलं असतं ना! पन्नास वर्षं मला खोटं पाडलंत तुम्ही वहिनी, आपल्या हाताने!"

आई हसायला लागली, आणि हसता हसता पलंगावर बसली. आत्याही तिच्या शेजारी बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते आणि दोघी भिंतीला टेकल्या होत्या. सूचना त्यांच्या डोक्यावर होती.

समोर कान परत बांधला गेला.

रस्त्यावर

खाली आलो तो आत्याच्या गाडीच्या पुढच्या चाकाला पिवळे लोखंडी कुलूप. वाहतूक पोलीस येऊन, कुलूप लावून, पुढे गेला होता. "दो मिनिटांचं तर काम होतं!" आत्या रिकाम्या रस्त्याला म्हणाली. पप्पू भियाने पुन्हा फोन काढला. यातही त्याचा कोणी भिया होता, पण तो जेवायला गेला होता. थांबणे भाग होते. ऊन लागत होते, म्हणून आईला गाडीत मागच्या सीटवर बसवले. दुकानातून चहा आला, बरोबर शेव.

आत्या पुढच्या सीटवर बसून मुलाला फोनवर सांगत होती: "अरे, आपल्या घरातून छत्री साफ दिसायची! राजघराण्याची! म्हणूनच तर आपल्या लोकांनी ते घर निवडलं असेल. मी तर नेहमीच म्हणत आले."

मी आईकडे पाहिले. तिच्या एकुलत्या एक दाव्याचे घराण्याच्या मालमत्तेत रूपांतर होत होते.

"राजघराण्याचं नाही ग काही," आई मला हळूच म्हणाली. "स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. कळसावरचं ऊन उतरलं की मी भाताला आधण ठेवायची. मग तुझे बाबा येईपर्यंत बरोबर व्हायचा." तिने चहा फुंकला. "हिंदी येत नव्हतं मला. वेळ विचारणार कोणाला?"

तिने चहा संपवला. तिच्या स्वयंपाकघरात बसून इतक्या आरामात चहा पिणारी ती पहिलीच असावी.

पोलीस जेवून आला तेव्हा आत्याने त्याला सांगितले की ही जागा मुळात आमची आहे. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि खांबावरच्या फलकाकडे बोट दाखवले. फलक निळा आहे, नवा आहे, आणि आईच्या स्वयंपाकघराच्या साधारण मधोमध उभा आहे. त्यावर लिहिले आहे की इथे थांबायला मनाई आहे.